स्पायरल पर्म करताय? आधी मेंदीचं सांगा!
पुण्यात जॉब, घर सास्तूरला आणि दिवाळीला जाताना कुरळ्या बटांचा नवा लुक हवाय? मग पार्लरवालीला आधी मेंदीचं सांगा. बाजारातल्या काही तयार मेंदीत धातूचे क्षार असतात. पर्मच्या औषधाशी त्यांची गाठ पडली, तर केस चक्क तुटतात. म्हणून आधी एका बटेवर ट्रायल घ्याच.

स्पायरलमध्ये बट उभ्या रॉडवर गुंडाळतात, त्यामुळे केस लांब हवेत. थायोग्लायकोलेट केसांतले बंध सोडवतं, न्यूट्रलायझर ते नव्या वळणात पक्के करतं. नंतर ४८ तास शाम्पू नाही, आणि आईनं घट्ट वेणी घालायला बसवलंच तर सरळ हात जोडा!

गावी बोअरचं पाणी जड असेल, तर शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या. क्षार साचले की बटा निस्तेज, राठ होतात. ब्रश नको, रुंद दातांचा कंगवा वापरा. मुळाशी नवे केस मात्र सरळच येणार.