तिकिटावर नसलेला सैनिक

पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीने १९१९ मध्ये अपंग सैनिकांच्या मदतीसाठी दोन टपाल तिकिटे काढली. काढली म्हणजे काय, १० आणि १५ फेनिगच्या जुन्याच तिकिटांवर ‘युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी ५ फेनिग’ अशी ओळ छापली. घेणाऱ्याने तेवढे जादा मोजायचे. चित्र मात्र जर्मेनिया या राष्ट्रदेवतेचे: मुकुट, चिलखत, अंग धडधाकट. घाई असेल, काटकसरही असेल. पण तुटलेला पाय पाकिटावर कुणाला नको होता, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी चित्रकार ओटो डिक्सने फुटपाथवर काड्यापेट्या विकणारा, पाय गमावलेला आंधळा सैनिक रंगवला. त्यात झुळझुळीत कपड्यांतली माणसे त्याला टाळून निघून जातात आणि एक कुत्रा त्याच्यावर मुततो.