तपासणी झाली, औषधही मिळालं. तरी मुलं पुन्हा आजारी का पडायची?

1907 साली ब्रिटनमध्ये एक कायदा झाला आणि सरकारी प्राथमिक शाळांमधल्या मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. डॉक्टर शाळेत येऊन मुलांचे डोळे, दात, कान, त्वचा पाहू लागले. पण आजार सापडला, तर उपचार कोण करणार? गरीब आईवडिलांकडे डॉक्टरची फी द्यायला पैसे नसायचे.

रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणींनी यावर उपाय काढला. त्यांनी 1908 मध्ये लंडनच्या बो भागात आणि 1910 मध्ये डेप्टफर्डमध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाना सुरू केला.

मग अडचण कुठे होती?

डेप्टफर्ड ही थेम्स नदीकाठची दाट, गरीब वस्ती. नायटा, खरूज, डोळ्यांची जळजळ यांवर दवाखान्यात उपचार व्हायचे, मूल बरं व्हायचं आणि काही आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत यायचं. कारण घर तेच होतं: कोंदट खोली, एका अंथरुणात अनेक भावंडं आणि अंघोळीची सोय नाही.

दुसरी अडचण वयाची होती. शाळा पाचव्या वर्षी सुरू व्हायची. तोवर मुडदुसामुळे अनेकांचे पाय वाकलेले असायचे. म्हणजे तपासणी होत होती, पण उशिरा.

बागेतली शाळा

म्हणून 1914 मध्ये बहिणींनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी डेप्टफर्डमध्येच शिशुशाळा उघडली. वर्ग म्हणजे बागेकडे उघडणाऱ्या साध्या शेड. मुलांना तिथे अंघोळ, स्वच्छ कपडे आणि पोटभर जेवण मिळायचं. दुपारी मोकळ्या हवेत झोप असायची.

याचा आजारांशी थेट संबंध होता. अंग आणि कपडे स्वच्छ राहिले की खरूज, नायटा पसरायला वाव कमी मिळतो. ऊन अंगावर पडलं की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं आणि मुडदूस टळतो. हे शास्त्रीय कारण 1920 च्या दशकात स्पष्ट झालं, पण उन्हाचा फायदा त्याआधीच दिसत होता. गोवरावर तेव्हा लस नव्हती, त्यामुळे गर्दी टाळणं आणि खेळती हवा यांनाच महत्त्व होतं.

शिवाय डॉक्टर मुलाला कधीतरी पाहतो, शिक्षिका रोज पाहते. आज जेवला नाही, अंगावर पुरळ आहे, नीट चालत नाही, हे तिच्या लगेच लक्षात येतं.

पुढे काय झालं?

1917 मध्ये रेचल यांचं निधन झालं आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं. 1918 च्या शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना अशा शाळा चालवण्याची मुभा दिली. मात्र ती मुभाच होती, सक्ती नव्हती. त्यामुळे तपासणी सगळ्या शाळांत पोहोचली, पण अंघोळ, जेवण आणि ऊन थोड्याच मुलांच्या वाट्याला आलं.