मुलतानी मातीचा धंदा : पोत्यात हात घालून माल घ्या

आठवडी बाजारात अत्तार बांधवांचे दुकान लागले की अत्तर, सुरमा, मेंदी, शिकेकाई, रिठा यांच्या शेजारी पिवळट मातीच्या खड्यांची एक टोपली असतेच. एकेकाळी या टोपलीकडे फारसे कोणी बघत नसे. आता मात्र शहरातील ब्यूटी पार्लरपासून खेड्यातील नववधूपर्यंत सगळ्यांना मुलतानी माती हवी असते. दिवाळीच्या आधी उटण्यासाठी, लग्नसराईत उबटनासाठी आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात तर मागणी पुरवता पुरवत नाही. थोड्या भांडवलात, घरच्या घरी करता येण्यासारखा हा धंदा असल्याने आपले अनेक तरुण आणि घरी बसून काम करणाऱ्या भगिनी याकडे वळत आहेत. चांगली गोष्ट आहे. परंतु माल काय आहे, तो कोठून येतो, गिऱ्हाइकाला तो कसा वापरायला सांगावा आणि कोठे हात आखडता घ्यावा, याची माहिती फार थोड्यांना आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव मुलतानी असले तरी आपल्याकडचा माल मुलतानहून येत नाही. चिनाब नदीजवळचे मुलतान हे जुने व्यापारी शहर. त्या भागातील माती तेथील बाजारातून हिंदुस्थानभर जात असे, म्हणून तिला ते नाव पडले. 1947 च्या फाळणीनंतर मुलतान पाकिस्तानात गेले, नाव मात्र येथेच राहिले. आज आपल्या बाजारातील माती मुख्यतः राजस्थानातून येते. बाडमेर जिल्ह्यातील कपूरडी आणि बिकानेरचा परिसर ही तिची जाणती ठिकाणे. फार प्राचीन काळी त्या वाळवंटाच्या जागी समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ आहे. तेव्हा "खास मुलतानहून मागवलेली" असे पाकिटावर छापणाऱ्याने आधी आपल्या खरेदीची पावती पाहावी.

युनानी हकीम तिला गिल-ए-मुलतानी म्हणतात. मातीचा औषधी उपयोग आपल्या तिब्बी परंपरेला नवा नाही. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' मध्ये निरनिराळ्या मातींची स्वतंत्र नोंद आहे. त्यात गिल-ए-अरमनी आहे, तशीच गिल-ए-मख्तूम, म्हणजे मोहोर उठवलेली मातीही आहे. ही माती ग्रीसजवळच्या लेमनॉस बेटावरून येई. तिच्या छोट्या वड्या करून त्यांवर शिक्का मारीत, कारण नकली माल त्या काळीही होता! पुढे ते बेट उस्मानी तुर्कांच्या ताब्यात आले, तरी शिक्का मारण्याची ही चाल चालूच राहिली. आजच्या भाषेत ज्याला ब्रँड म्हणतात, तो मातीवर कित्येक शतकांपूर्वीच उमटला होता.

आता ही माती काम कसे करते ते पाहू. मातीचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे बनलेले असतात. चिमूटभर मातीतील पापुद्रे उलगडून पसरले तर केवढी तरी जागा व्यापतील. या पापुद्र्यांना तेल, घाम आणि मळ चिकटून राहतो व धुताना मातीबरोबर निघून जातो. इंग्रज हिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीतील तेलकटपणा काढून ती स्वच्छ करणारा कारागीर. खाद्यतेल आणि वनस्पती तुपाच्या कारखान्यांत तेलाचा रंग उतरवण्यासाठी हाच गुण वापरतात. आपल्या शिलाईवाल्या बांधवांनाही एक सांगण्यासारखे आहे. मशीनचे तेल नव्या कपड्यावर पडले तर घाईने पाणी लावू नये. कोरडी वस्त्रगाळ मुलतानी माती डागावर दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. डाग ताजा असेल तर बराचसा उतरतो. चामड्यावरच्या तेलाच्या डागालाही हाच उपाय चालतो.

हे समजले म्हणजे गिऱ्हाइकाला काय सांगावे ते आपोआप कळते. जी वस्तू तेल शोषून घेते ती तेलकट त्वचेला मानवते आणि कोरड्या त्वचेला आणखी कोरडी करते. तेलकट चेहऱ्याच्या माणसाने माती गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून पातळ थर द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी, थर पूर्ण सुकून तडकण्याआधी, तो ओला करून धुवावा. कातडी ताणली जाईपर्यंत बसून राहणे म्हणजे फायदा अधिक, ही समजूत चुकीची आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. कोरडी त्वचा असणाऱ्याने दुधात किंवा सायीत कालवावी, आणि हिवाळ्यात शक्यतो लावूच नये. प्रथम वापरणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस वाट पाहावी.

केसांचेही तसेच. केस तेलकट असतील, टाळूला चिकटपणा असेल, तर रिठा-शिकेकाईच्या पाण्यात माती सैलसर कालवून मुळांशी लावावी आणि ओली असतानाच भरपूर पाण्याने धुवावी. केसांत माती वाळली तर ती काढताना केस तुटतात, आणि मग दोष मातीला येतो. कोरड्या केसांना आदल्या रात्री तेल लावावे किंवा मातीत दही घालावे. माती केस वाढवते, टक्कल घालवते, रंग गोरा करते असे आम्ही म्हणणार नाही आणि विकणाऱ्यानेही म्हणू नये. ती मळ आणि तेल काढते. एवढे काम ती चांगले करते आणि स्वस्तात करते.

आम्ही स्वतः या मालात एकदा ठोकर खाल्ली आहे. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता, उटण्याच्या पुड्या बांधायच्या होत्या. एका घाऊक व्यापाऱ्याकडून नेहमीपेक्षा बऱ्याच स्वस्तात दोन पोती भुकटी मिळाली. पोत्याच्या तोंडाशी मऊ पिवळा माल पाहून आम्ही पैसे मोजले. आठ दिवसांत गिऱ्हाइके परत येऊ लागली. कोणाला चेहऱ्यावर कचकच लागली, कोणाच्या गालावर ओरखडे उठले. पोत्याच्या मध्यातला माल काढून त्यावर व्हिनेगर टाकले तर तो सोड्यासारखा फसफसत राहिला. संगमरवराची पूड होती, पिवडी लावून रंगवलेली. व्यापारी म्हणाला, "माती ती माती, साहेब, त्यात काय बघायचे?" उरलेल्या पुड्या आम्ही फेकल्या, ज्यांनी परत आणल्या त्यांचे पैसे दिले, आणि हंगाम हातचा गेला.

त्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील तो प्रसंग आम्हाला आठवला. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. ही हदीस आपण सगळेच ऐकतो. विकताना ती लक्षात ठेवावी हे खरेच, पण खरेदी करतानाही पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मुठीत माल काढावा, हे आम्ही तेव्हापासून शिकलो.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की भुकटी घेऊ नका, खडे घ्या आणि स्वतः दळा. खड्यात भेसळ करणे अवघड, भुकटीत सोपे. चांगला खडा पाण्यात टाकला की बारीक बुडबुडे सोडत फुटतो आणि थोड्या वेळात मऊ चिखल होतो. दगडाची पूड पाण्यात टाकली तर तळाशी रेतीसारखी बसते. ओली माती दोन बोटांत चोळून पाहावी, खरखर लागू नये. शंखजिरे मिसळलेले असेल तर साबणासारखे बुळबुळीत लागते आणि पाणी नीट पीत नाही. कालवलेला गोळा गरम होऊन घट्ट बसला तर त्यात प्लास्टर आहे असे समजावे. व्हिनेगरच्या परीक्षेत मात्र तारतम्य हवे. खऱ्या मातीतही थोडा चुना असू शकतो, तेव्हा दोन-चार बुडबुडे आले म्हणून पुरवठादाराशी भांडू नये. फसफस थांबेचना तर मात्र माल परत करावा. रंगावर काहीच ठरत नाही. लोहाच्या प्रमाणानुसार माती पांढरट, पिवळी, हिरवट, तपकिरी अशी कशीही असते.

आणखी एक धोका आहे. तेल कारखान्यांसाठी ही माती आम्लात उकळून तयार करतात. तिची पोतीही बाजारात फिरतात आणि दिसायला ती स्वच्छ, पांढरी असतात. हा माल चेहऱ्यासाठी नाही, त्यात आम्लाचा अंश राहिलेला असू शकतो. शंका आली तर भिजवलेल्या मातीत लिटमसचा निळा कागद बुडवावा. तो लाल झाला तर तो माल घेऊ नये. तेल कारखान्यात एकदा वापरून टाकलेली माती तर दारातही घेऊ नये. तिच्यातील तेलामुळे ती साठवणीत आपोआप पेट घेते.

दळण्याच्या कामाबद्दल थोडे अधिक सांगणे आम्हाला जरूर वाटते, कारण याकडे कोणीच लक्ष देत नाही. माती दळताना आणि चाळताना जी धूळ उडते, तिच्यात गारगोटीचे अतिसूक्ष्म कण असतात. वर्षानुवर्षे ते छातीत गेले तर फुप्फुसे कायमची निकामी होतात, आणि सिलिकोसिस या आजारावर उतारा नाही. तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. त्यासाठी बारीक धूळ अडवणारा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क लागतो. काम उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असे करावे. नंतर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि ज्या खोलीत लेकरे झोपतात तेथे चाळण मुळीच चालवू नये. चार पैशांच्या कमाईसाठी घरातल्या बायका-मुलांच्या छातीत माती भरायची नाही.

दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके अशी येतात की त्यांना माल देण्याआधी थांबावे. पहिली, खाण्यासाठी माती मागणारी. गरोदरपणात माती खाण्याची इच्छा पुष्कळ भगिनींना होते. बहुधा ते अंगात रक्त कमी असल्याचे लक्षण असते, आणि माती खाल्ल्याने अन्नातील लोहही अंगी लागत नाही. शिवाय तिच्यात शिसे किंवा आर्सेनिक असू शकते. अशा भगिनीला पुडी न देता दवाखान्याची वाट दाखवावी. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे जखमेवर, गळवावर किंवा नवजात बाळाच्या नाळेवर लावायला माती नेणारे. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि उन्हात वाळवल्याने ते मरत नाहीत. येथे स्पष्ट नाही म्हणावे.

राहिला कायद्याचा प्रश्न. दुकानात गिऱ्हाइकासमोर तोलून पुडी बांधून देणे हा किरकोळ विक्रीचा भाग आहे. परंतु स्वतःच्या नावाचे पाकीट छापून, चेहऱ्यासाठी वा केसांसाठी म्हणून बाजारात आणले, की 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार ती निर्मिती ठरते आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मात्याचे नाव-पत्ता आणि कधीपर्यंत वापरावे ते छापावे. वजनमापे खात्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्कही हवा. कोड किंवा पांढरे डाग जातात अशी जाहिरात चुकूनही करू नये. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात त्या रोगाचे नाव घालून मनाई केलेली आहे.

साठवणीचे सांगायचे तर पावसाळ्यात पोती जमिनीवर टेकवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत. नुसती माती ओलाव्याने गोळा होते, पण उन्हात पुन्हा वाळते. उटण्यात मात्र हळद, कचोरा, बेसन असल्याने बुरशी आणि कीड दोन्ही लागतात. तेव्हा माती वर्षभराची घेतली तरी चालेल, उटणे मात्र हंगामापुरतेच कालवावे.