चोपण जमीन आणि हरळी

गेल्या पौषांत कांहीं विद्यार्थ्यांसह आम्ही मांजरेच्या कांठीं गेलों होतों. तेथें उंसाच्या मळ्याखालीं, सखल भागांत हरभऱ्याचें शेत होतें. मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता, रोपें करपलीं होतीं. हरळी मात्र हिरवीगार होती. जी जमीन हरभऱ्यास मारते ती हरळीस कां मारीत नाहीं, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. त्याचें उत्तर येथें देत आहों.

अशा जमिनीस शेतकरी 'चोपण' म्हणतात. काळ्या जमिनीस पाणी फार दिलें व त्याचा निचरा झाला नाहीं, म्हणजे खालचे क्षार वर येतात. त्यांतील सोडियम चिकणमातीच्या कणांस बिलगतें व तेथील कॅल्शियमला हुसकून लावतें. मग छिद्रें बुजतात. जमीन ओली असतां चिकट व वाळली म्हणजे दगडासारखी होते. आश्चर्य हें कीं, आपल्या काळ्या मातींत चुनखडीचे खडे जागोजाग सांपडतात, आणि चुनखडींत कॅल्शियम असतेंच. परंतु चोपण जमिनीचा सामू ८.५ हून अधिक असल्यामुळें ती विरघळत नाहीं. कोठार भरलेलें, पण त्यास कुलूप!

कॅल्शियम पेशींच्या भिंती व पडदे सांधून ठेवितें. तें उणें पडलें कीं सोडियम आंत शिरतें व पोटॅशियम बाहेर झिरपतें. १९६९ सालीं लाहाये व एपस्टाइन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिठाच्या पाण्यांत घेवडा वाढविला, तेव्हां पुरेसें कॅल्शियम मिळालेलीं रोपें तगलीं, न मिळालेलीं खंगलीं.

गवताचें बळ तीन गोष्टींत आहे. त्याच्या पेशीभित्तींत पेक्टिन थोडें असल्यामुळें त्यास हरभऱ्यापेक्षां कमी कॅल्शियम पुरतें. त्याचीं मुळें बरेंचसें सोडियम बाहेरच अडवितात. आणि आंत आलेल्या मिठापैकीं कांहीं भाग हरळी आपल्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते.

इतकेंच नव्हे. मुळांच्या श्वसनानें मातींत कार्बन डायऑक्साइड वायु सांठतो. तो पाण्यांत मिसळून सौम्य आम्ल होतें व चुनखडी थोडी थोडी विरघळते. सुटलेलें कॅल्शियम सोडियमला कणांपासून दूर सारतें. म्हणून १९६९ सालीं स्थापन झालेल्या, हरियाणांतील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनें अशा जमिनीसाठीं 'कर्नाल गवत' अभ्यासिलें. ज्या जातीस आपण तण म्हणून शिव्या देतों, तीच कुलूप उघडूं लागते.

परंतु पालकांनीं हिरवळ पाहून निश्चिंत राहूं नये. चांगल्या शेतांत पीक खंगून गवतच माजूं लागलें, तर ती धोक्याची सूचना समजावी. माती तपासून घ्यावी, निचऱ्यासाठीं चर काढावे, सांगितलेल्या प्रमाणांत जिप्सम घालावें आणि पाणी बेतानें द्यावें. जिप्सममधील कॅल्शियमनें सुटलेलें सोडियम वाहून जावयास वाट नसेल, तर तो खर्च फुकट जाईल. विद्यार्थ्यांनीं सुटींत आपल्या शेताचा सखल कोपरा एकदां अवश्य पाहून यावा. जमीन बिघडण्यास तेथूनच आरंभ होतो.