मोकळी जागाच शहर राखते

नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानात सकाळी फिरायला येणारी माणसं ज्या तळ्याभोवती फेऱ्या मारतात, ते शोभेसाठी खणलेलं नाही. तो होल्डिंग पॉण्ड, म्हणजे धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिला. भर पावसात समुद्राला मोठी भरती आली, की गटारांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. तेवढा वेळ ते अशा तळ्यांत थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी बाहेर पडतं. कोकणात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तिचं कामही असंच चालतं.

१९६५ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईला खाडीपलीकडे वाढवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं त्यात गेली. उरलेल्या मोकळ्या जागांचं मोल म्हणूनच अधिक आहे.

मोकळ्या जागेबद्दलचा कोरियांचा विचार प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जावं. १९८३ ते ८६ दरम्यान उभ्या राहिलेल्या या वसाहतीत सात घरांमागे एक सामाईक अंगण, आणि असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्यानं ऐपतीप्रमाणे घर वाढवता येतं. पुष्कळ घरं आज बदलली आहेत, पण अंगणांची मांडणी अजून वाचता येते.

मोकळी जागा पक्ष्यांनाही लागते. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे ठाणे खाडीचं संग्रहालयच. हंगामात इथून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. त्यांची वेळ भरतीप्रमाणे बदलते. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात हे पक्षी चरतात आणि भरती आली की नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळीवर येऊन थांबतात. खाडी आणि शहरातलं तळं, दोन्ही मिळून त्यांचं एकच घर आहे. तळ्यात येणारं भरतीचं पाणी अडलं, तर त्यांचा विसावा संपतो.

म्हणून नवी मुंबईत भटकताना बांधकाम नसलेली प्रत्येक जागा नीट पाहावी. तिला कुणी पडीक म्हटलं, तर विचारावं: इथे इमारत उभी राहिली, तर जुलैतल्या भरतीचं पाणी कुठे जाईल? उत्तर मिळेपर्यंत ती जागा मोकळी ठेवण्याचा आग्रह नागरिकांनी धरायलाच हवा.