विमान डिझेलवर करायचं तर

अक्कलकोट-सोलापूर रस्त्यावर वडापच्या जीपमधून फिरलेल्या माणसाला पेट्रोलची गाडी डिझेलवर करून घेणं नवं नाही. जुनं इंजिन उतरवायचं, डिझेलचं चढवायचं. हेच चार माणसांच्या छोट्या विमानाला करता येतं का? येतं. जर्मनीच्या टीलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीच्या डिझेल इंजिनावरून १३५ अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन घडवलं. २००२ साली त्याला प्रमाणपत्र मिळालं आणि सेसना १७२ विमानांत जुनं इंजिन काढून ते बसू लागलं.

हा खटाटोप मुळात इंधनासाठी. छोट्या विमानांचं पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, वेगळं असतं; त्यात आजही शिसं घालतात. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं परदेशातून यायचं. इंडियन ऑइलचं वडोदऱ्यात बनलेलं ॲव्हगॅस बाजारात आलं ते २०२२ मध्ये. जेटचं एटीएफ मात्र सगळ्या मोठ्या विमानतळांवर मिळतं, आणि एटीएफ म्हणजे रॉकेलच्याच भावकीतलं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा अठरा पट दाबली की ती इतकी तापते की एटीएफ आपोआप पेटतं. त्यामुळे ही ‘डिझेल’ विमानं बहुतेक एटीएफवरच उडतात.

खरी कसोटी पुढे आहे. डिझेलचा प्रत्येक स्फोट घणाच्या घावासारखा बसतो. जीपमध्ये तो दणका क्लच, गिअर आणि टायर वाटून घेतात. विमानात समोर थेट पंखा. शिवाय मोटारीचं इंजिन मिनिटाला ३,९०० च्या आसपास फेरे घेतं. पंखा तेवढा फिरवला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील, म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागतो. सुरुवातीच्या इंजिनांत तो दर ३०० तासांनी उतरवावा लागे. मालकांचा जीव मेटाकुटीला आला तो इथे.

दुसरा धडा विजेचा. या इंजिनांचं इंधन संगणक सोडतो. २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे बॅटरी उतरलेलं एक डायमंड डीए-४२ बाहेरून वीज देऊन सुरू केलं. उड्डाणानंतर चाकं आत घेताना वीज क्षणभर खाली गेली आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद पडली. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीला शिकाऊ वैमानिक याच जातीच्या विमानावर दोन इंजिनांचे धडे गिरवतात.

तरीही आपल्या भागाला हे इंजिन मला फार मोलाचं वाटतं. सोलापूरचा होटगी रस्त्यावरचा विमानतळ पाचशे मीटरपेक्षा थोडा कमी उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की तिथली हवा विमानाच्या हिशेबात दीड हजार मीटरवरच्या हवेइतकी विरळ होते. धावपट्टीवर उभं असलेलं विमान जणू महाबळेश्वरच्याही वर पोचलेलं असतं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला समुद्रकाठच्या मानाने सुमारे १४ टक्के हवा कमी मिळते. डिझेलचा टर्बो ही तूट भरून काढतो. रेडिएटरला मात्र त्याच ४२ अंशांच्या हवेवर इंजिन थंड ठेवावं लागतं.