हिरवळ कापण्याचें नवें यंत्र : त्याची निगा व दोषशोधन

हिरवळ कापण्याचें यंत्र ही आपल्याकडे घरोघरीं असणारी वस्तु नव्हे. बंगल्यापुढील चार हात हिरवळीस कात्री किंवा हातानें ढकलावयाचें लहान यंत्र पुरेसें होतें. परंतु जेथें क्रीडांगण एक-दोन एकर पसरलेलें आहे, तेथें माणसानें आसनावर बसून मोटारीप्रमाणें चालवावयाचें यंत्र उपयोगी पडतें. अशा यंत्राची रचना काय, नव्या यंत्राची निगा कशी ठेवावी आणि तें अडून बसल्यास दोष कोठें शोधावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मुठेच्या कांठचा कर्वेनगर हा भाग पूर्वीं हिंगणें बुद्रुक या नांवानें ओळखला जात असे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं आपली स्त्रीशिक्षणसंस्था येथें आणली आणि पुढें त्यांचेंच नांव या वस्तीस मिळालें. त्याच संस्थेच्या आवारांत 1991 पासून मुलींकरितां अभियांत्रिकी महाविद्यालय चालू आहे. तेव्हां यंत्राची गोष्ट मुलग्यांनींच ऐकावी, असें म्हणण्यास निदान या परिसरांत तरी जागा नाहीं.

या यंत्राचा जन्म इंग्लंडांतील. एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें 1830 सालीं त्याचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव कातरून काढणारें चक्र त्यानें गिरणींत पाहिलें होतें. तीच युक्ति त्यानें गवतास लाविली. पुढें मोठीं यंत्रें घोड्यांकडून ओढविलीं जात, आणि खुरांच्या खुणा हिरवळीवर उमटूं नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. 1902 मध्यें रॅन्सम्स कारखान्यानें पेट्रोलवर चालणारें यंत्र विक्रीस आणलें, आणि घोडा निवृत्त झाला.

आजच्या यंत्रांत आसनापुढें किंवा मागें एंजिन असतें. त्याची शक्ति पट्ट्यांच्या द्वारें दोन ठिकाणीं जाते. एक वांटा चाकांकडे, दुसरा पोटाखालील पोलादी आवरणांत फिरणाऱ्या पात्यांकडे. पात्याची मागील कड किंचित् वर वळविलेली असते. त्यामुळें वाऱ्याचा झोत उठून गवत ताठ उभें राहतें आणि पातें तें छाटतें. या पात्याच्या टोकाची गति मिनिटास 19,000 फुटांहून अधिक नसावी, असा अमेरिकेंतील सुरक्षेचा दंडक आहे. ही गति ताशीं सुमारें 347 किलोमीटर होते. एवढ्या वेगानें उडालेला खडा माणसाचें काय करील, हें निराळें सांगावयास नको. म्हणून पुढील सर्व मजकुराच्या आधीं एक नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पात्याजवळ हात नेण्यापूर्वीं एंजिन बंद करावें, किल्ली काढून खिशांत टाकावी आणि स्पार्क प्लगची तार ओढून वेगळी करावी. हा नियम पाळण्यास अर्धें मिनिट लागतें. न पाळल्यास गेलेलीं बोटें परत येत नाहींत.

आतां निगेविषयीं. नवी वस्तु आहे, तिला काय होणार, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक यंत्रास पहिले दहा तास फार जपावें लागतें. कित्येक यंत्रें कारखान्यांतून एंजिनांत तेल न घालतांच पाठविलीं जातात. म्हणून पहिल्यांदा किल्ली फिरविण्यापूर्वीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. यंत्र सपाट जागीं उभें असावें, आणि तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें असावें. कमी नको, तसेंच अधिकही नको. नव्या एंजिनांत धातूचे भाग एकमेकांवर घांसून बसतांना बारीक कण सुटतात व तेलांत मिसळतात. यास्तव पुष्कळ एंजिनांत पहिलें तेल पांच ते आठ तासांच्या कामानंतर काढून टाकावयाचें असतें, व पुढें साधारणतः दर पन्नास तासांनीं किंवा वर्षांतून एकदां बदलावयाचें असतें. आपल्या यंत्राचा नेमका आंकडा त्याच्या पुस्तिकेंत असतो. तोच प्रमाण मानावा. पहिल्या कांहीं तासांनंतर सर्व नटबोल्ट पुनः आवळून घेणें, पट्ट्याचा ताण पाहणें व चारी चाकांतील हवा तपासणें हेंही त्याच वेळीं उरकावें.

एंजिन हवा ओढतें, आणि गवत कापतांना त्या हवेंत धूळ व काडीकचरा भरलेला असतो. हवा गाळणारा फिल्टर म्हणजे यंत्राचें नाकच होय. कोरड्या दिवसांत तो वरचेवर काढून हलकेच झटकावा. फार मळल्यास नवा घालावा. एंजिनावरील पंख्याच्या जाळींत व थंडाव्याच्या पट्ट्यांत अडकलेलें वाळलें गवत काढून टाकावें, अन्यथा एंजिन तापून बिघडतें. मात्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें यंत्र धुऊं नये; पाणी बेअरिंगांत शिरतें व तेथें गंज धरतो.

इंधनाचा प्रश्न सांप्रत विशेष महत्त्वाचा झाला आहे. आपल्या देशांत 2025 पर्यंत पेट्रोलांत 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण गांठलें गेलें. परंतु पुष्कळ विदेशी लहान एंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेलें पेट्रोल वापरूं नये, असें स्पष्ट बजावलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तें दीर्घकाळ टाकींत राहिलें तर कार्ब्युरेटरांत पाणी व गंज, आणि रबरी नळ्यांस नरमपणा, हे दोष उद्भवतात. यास्तव यंत्र घेण्यापूर्वींच विक्रेत्यास याविषयीं विचारावें, पेट्रोल थोडथोडें आणावें, आणि यंत्र महिनाभर उभें राहणार असल्यास टाकी रिकामी करून उरलेलें इंधन एंजिन चालवून संपवावें.

पुण्याच्या पावसाळ्यांत हरळी झपाट्यानें वाढते, आणि नेमकें तेव्हांच गवत ओलें असतें. ओलें गवत आवरणाच्या आंत लगद्यासारखें चिकटतें, पात्यास अडथळा करतें, शिवाय चाकेंही घसरतात. म्हणून उघडीप मिळून गवत सुकेपर्यंत थांबावें. वाढलेलें गवत एकाच खेपेस मुळाशीं कापूं नये. उंचीचा एक तृतीयांश भाग घ्यावा, कांहीं दिवसांनीं पुनः घ्यावा. उतारावर यंत्र आडवें न चालवितां वरखालीं चालवावें, व पंधरा अंशांहून अधिक चढ असेल तेथें नेऊंच नये. गंमत म्हणून लहान मुलास मांडीवर घेऊन फिरविणारे पालक असतात; त्यांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, असें करूं नये.

आतां दोषशोधन. येथें एकच सूत्र आहे: सोप्याकडून अवघडाकडे जावें. एंजिनास चालण्यास इंधन, हवा व ठिणगी हीं तीन लागतात, आणि सुरू होण्यास बॅटरीचा जोर लागतो. या चौघांपैकीं कोण गैरहजर आहे, एवढेंच शोधावयाचें असतें.

किल्ली फिरवूनही कांहींच हालचाल होत नसेल, तर बॅटरीच्या टोकांवरील जोड सैल अथवा गंजलेले आहेत काय तें पाहावें. त्यानंतर फ्यूज पाहावा. ब्रेकचा पायटा पूर्ण दाबलेला नसेल, किंवा पात्यांचा खटका चालू राहिला असेल, तरीही यंत्र मुकाट राहतें. कारण तशी योजना मुद्दाम केलेली असते. पातीं फिरत असतां चालक आसनावरून उठला तर एंजिन आपोआप बंद पडतें. हा दोष नव्हे, रक्षण आहे. आसनाखालील हा खटका तारेनें बांधून निकामी करणारे महाभाग आढळतात. त्यांनीं स्वतःच्या पायांची किंमत फार कमी लाविली आहे.

एंजिन फिरतें परंतु पेट घेत नाहीं, अशा वेळीं इंधनाची तोटी उघडी आहे काय, पेट्रोल शिळें तर नाहीं, प्लगची तार जागेवर आहे काय, हें क्रमानें पाहावें. सुरू होऊन थोड्या वेळानें थांबत असेल, तर टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलेलें असूं शकतें. काळा धूर इंधन अधिक व हवा कमी असल्याचें सांगतो. अर्थात् फिल्टर किंवा चोक पाहावा. निळसर पांढरा धूर बहुधा तेल जळत असल्याची खूण असते. यंत्र थरथरूं लागल्यास मात्र क्षणभरही चालवूं नये. पातें वांकलें किंवा त्याचा तोल गेला आहे असें समजावें. पातें काढून मधल्या छिद्रानें खिळ्यावर अडकवावें. एक बाजू खालीं झुकली तर ती जड आहे. कापलेल्या गवताचीं टोकें फाटून पांढुरकीं दिसलीं, तर पात्याची धार गेली. हिरवळ एकीकडे उंच व दुसरीकडे ठेंगणी कापली गेली, तर प्रथम चाकांतील हवा मोजावी.

हें सर्व करूनही यंत्र न चालल्यास जाणत्या मिस्त्रीस बोलवावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्यास देण्यासाठीं आपल्यापाशीं एक वस्तु असावी, ती म्हणजे यंत्राची वही. किती तास काम झालें, तेल केव्हां बदललें, पातें केव्हां पाजळलें, कोणत्या दिवशीं कसला आवाज ऐकूं आला, हें दोन ओळींत टिपून ती वही यंत्राच्या छपरींतच दोऱ्यानें बांधून ठेवावी. ज्या शाळेंत असें यंत्र असेल, तेथें ही वही लिहिण्याचें काम वरच्या वर्गांतील विद्यार्थी व विद्यार्थिनी यांजकडे आळीपाळीनें सोंपवावें, अशी आमची सूचना आहे. मिस्त्री आला म्हणजे तो प्रथम तीच वही मागेल.